तक्रारी पाच, गोळी एक: मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, वय ५२. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आपण त्यांना तात्या म्हणू. सात वर्षांपूर्वी पुण्यात त्यांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं. किडनी पत्नीची. वहिनी दर वेळी सोबत येतात, फाइल त्यांच्याच पिशवीत असते, आणि तात्या काही लपवायला लागले की त्या खिडकीबाहेर बघतात. मला तेवढं पुरतं.

मी सांगलीत फिजिशियन आहे, प्रत्यारोपणाचा तज्ज्ञ नाही. तीन महिन्यांतून एकदा पुण्याला जायचं आणि मधली देखभाल माझ्याकडे, अशी वाटणी होती. सहा वर्षं ती सुरळीत चालली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी प्रतिकारशक्ती दाबणारी तीन औषधं, आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते हे सांगणारा रक्तातला आकडा) १.४ ते १.५ च्या आत.

सातव्या वर्षी डाव्या गालाच्या आत खरखरीत चट्टा उठला. तंबाखू-चुन्याची सवय कॉलेजपासूनची; प्रत्यारोपणानंतर सुटली असं तात्या सांगायचे (वहिनी तेव्हाही खिडकीबाहेर बघायच्या). तुकडा तपासला तर स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, अगदी सुरुवातीचा. शस्त्रक्रिया झाली, कडा साफ निघाल्या, मानेतल्या गाठी कोऱ्या. जखम पूर्ण भरल्यावर पुण्याच्या केंद्राने टॅक्रोलिमस बंद करून सिरोलिमस २ मिलिग्रॅम सुरू केलं आणि मायकोफेनोलेट निम्म्यावर आणलं. रक्तातली सिरोलिमसची पातळी ५ ते १० मध्ये ठेवा, असं पत्रात लिहिलं होतं.

हा बदल का केला, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना काही कर्करोग जास्त होतात आणि सिरोलिमस पेशींची वाढच रोखतं. याचा चांगला पुरावा आहे तो त्वचेच्या कर्करोगातला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत टॅक्रोलिमसच्या गटातल्या औषधांवर राहिलेल्या ३९ टक्के रुग्णांना त्वचेचा स्क्वॅमस कर्करोग पुन्हा झाला, तर सिरोलिमसवर गेलेल्यांपैकी २२ टक्क्यांना. त्याच चाचणीत सिरोलिमस घेणाऱ्यांपैकी २३ टक्क्यांना त्रासामुळे गोळी सोडावी लागली. पहिले दोन आकडे मला तोंडपाठ होते. तिसरा मी वाचला होता, एवढंच.

ही गोळी करते काय

सिरोलिमसचं जुनं नाव रॅपामायसिन. १९६४ मध्ये कॅनडाचं एक वैद्यकीय पथक पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावर गेलं होतं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, आणि औषधाचं नाव त्यावरूनच आलं. तिथल्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जीवाणू मिळाला. माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी त्यातून हे रसायन वेगळं केलं. १९७५ मध्ये ते जगासमोर आलं ते बुरशीनाशक म्हणून. कँडिडा या बुरशीवर ते चांगलं चालायचं. प्रत्यारोपणाचं औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली १९९९ मध्ये. बुरशीचा हा धागा लक्षात ठेवा, पुढे तोच माझ्या पायात अडकला.

ते पेशीत नेमकं कशाला चिकटतं हे आधी यीस्टमध्ये कळलं. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला हाइटमन, मोव्वा आणि हॉल या तिघांनी ते प्रथिन ज्यांपासून बनतं ती जनुकं शोधली आणि नाव दिलं टॉर, म्हणजे रॅपामायसिनचं लक्ष्य. १९९४ मध्ये तेच सस्तन प्राण्यांत सापडलं, ते एमटॉर. यीस्टमध्ये आहे, माणसात आहे, तात्यांच्या द्राक्षवेलीतही आहे.

तात्यांना मी ते मुकादमाच्या भाषेत सांगितलं होतं. एमटॉर हा बांधकामावरचा मुकादम. काम सुरू करण्याआधी तो तीन गोष्टी बघतो. माल आलाय का? म्हणजे अमिनो आम्लं, त्यातही ल्युसिन आणि आर्जिनिन. दोघांची खबर देणारी वेगवेगळी प्रथिनं पेशीत आहेत. मालकाचा सांगावा आलाय का? म्हणजे इन्सुलिन आणि वाढीचे इतर संदेश. आणि गाठीला पैसा आहे का? म्हणजे पेशीतली ऊर्जा. ती कमी पडली की एएमपीके नावाचं विकर मुकादमाचा हात धरतं. तिन्ही जुळलं की तो प्रथिनं बांधायला, चरबी तयार करायला, पेशी वाढवायला हुकूम सोडतो आणि मोडतोडीचं काम थांबवतो. नाही जुळलं तर उलट: बांधकाम बंद, जुनं सामान मोडून त्यातून माल काढा. गंमत म्हणजे हा मुकादम कामावर असतो तेव्हा लायसोसोमवर, म्हणजे पेशीच्या भंगारखान्याच्या दारातच बसलेला असतो. जुनं मोडून निघालेला माल त्याला बसल्या जागी दिसतो.

सिरोलिमस पेशीतल्या एफकेबीपी१२ या छोट्या प्रथिनाला धरतं आणि ती जोडी मुकादमाच्या मानगुटीवर बसते. टॅक्रोलिमसही याच एफकेबीपी१२ ला धरतं, पण ती जोडी जाते कॅल्सिन्युरिन या विकराकडे. म्हणून टॅक्रोलिमसने टी पेशींची, म्हणजे परक्या अवयवावर चालून जाणाऱ्या पेशींची, आरोळीच दाबली जाते. सिरोलिमसमध्ये आरोळी उठते, पण ती ऐकून पेशीला दुप्पट व्हायचं असतं तिथे तिची गाडी अडते.

तात्यांनी हे ऐकून एकच प्रश्न विचारला होता. "म्हणजे आम्ही खरड छाटणीनंतर वाढ रोखायचं औषध मारतो, तसंच?"

"तसंच," मी म्हणालो. बरोबर होतं, पण अर्धंच. वाढरोधक फवारला की तो त्या बागेपुरता असतो. गोळी पोटात गेली की ती फक्त टी पेशींचा किंवा फक्त कर्करोगाचा मुकादम शोधत बसत नाही. तोंडाच्या आतल्या कातडीचा, यकृताचा, स्नायूंचा, किडनीतल्या गाळणीचा, सगळ्यांचा मुकादम एकाच वेळी खाली बसतो. हे मला माहीत होतं. चिठ्ठी लिहिताना आठवलं नाही.

समस्या कशी उभी राहिली

सिरोलिमस सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात तात्या आले ते तोंड आलंय म्हणून. खालच्या ओठाच्या आत दोन आणि जिभेखाली एक फोड, जिभेवर पांढुरका थर. प्रतिकारशक्ती दाबलेला रुग्ण, जिभेवर पांढरं. मी कँडिडा म्हणालो आणि फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी १५० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस लिहून दिलं. थर खरवडून तपासणीला पाठवला नाही. बाहेर बाकावर पंधरा माणसं होती.

बाराव्या दिवशी ते ठरलेल्या तपासण्यांना आले. उपाशीपोटी साखर १८८. गोळी बदलण्याआधी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.१ होतं. ट्रायग्लिसराइड १७० वरून ५४०. पावलांवर थोडी सूज. आणि डाव्या तर्जनीवर एक काप. फळ छाटणी चालू होती, कात्री निसटली होती. काप साधा, एक सेंटिमीटरचाही नाही, पण १८ दिवसांनंतरही त्याच्या कडा एकमेकींकडे सरकल्या नव्हत्या. पू नाही, लाली नाही, दुखणंही फारसं नाही. तळाशी फिकट गुलाबी ओलसरपणा, बस. बोट अंगठ्याने जरा दाबलं की काप तोंड उघडायचा.

मी प्रत्येक गोष्टीला आपापलं कारण शोधलं, आणि प्रत्येकाला ते सापडलंही. साखर? प्रेडनिसोलोन, आणि वडिलांना मधुमेह. मेटफॉर्मिन सुरू. चरबी? दसऱ्याचे दिवस. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन सुरू. सूज? अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने येते, डोस कमी. बोट? छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. कातडीला ती भाजते. हातमोजे न घालता लावलीत ना? लावली होती. झालं, कारण मिळालं. तोंड? अजून पूर्ण बरं नाही, फ्लुकोनॅझोल आणखी पंधरा दिवस.

एका चिठ्ठीवर पाच तक्रारी आणि पाच उत्तरं. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, गोळी बदलल्यापासनं सुरू झालंय हे सगळं."

मी त्यांना समजावलं की या वयात अशा गोष्टी एकत्र येतात.

पहिला निर्णय, जो चुकला

त्याच दिवशी सिरोलिमसच्या पातळीसाठी रक्त घेतलं होतं. ही तपासणी सांगलीत होत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त कुरिअरने मुंबईला जातं. चौथ्या दिवशी अहवाल आला: २३.४.

मी फोन केला. "तात्या, त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन आला होता का?"

"व्हय की. सहाची एस्टी, म्हणून साडेपाचलाच घेतली."

हुश्श झालं. पातळी मोजायची ती गोळी घेण्याआधी. घेऊन आल्यावर ती वर दिसणारच. नमुना चुकीचा ठरवून मी फाइलवर 'पुन्हा करणे' लिहिलं आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळ याच जागी घालवला आहे. सिरोलिमसचं अर्धायुष्य साधारण ६२ तासांचं. म्हणजे रक्तात जे आहे ते बहुतेक कालपरवाचं साचलेलं. आजच्या एका गोळीने पातळीला उसळी येते, पण ७-८ ची २३ होत नाही. नमुना नियमात बसत नव्हता हे खरं. पण नियमात न बसणारा नमुना खोटं बोलतो असं नाही. गोळी घेतल्याचं कळलं आणि मला पुढचा विचार करावा लागला नाही, हे त्या अहवालातलं खरं विष. आकडा ११ आला असता तर कदाचित मी जास्त विचार केला असता.

दुसरा अहवाल

सव्विसाव्या दिवशी तात्या पुन्हा आले. गोळी खिशात, कागदाच्या पुडीत. फोड आता सात. जेवण ताक-भातावर आलं होतं, भाकरी बंद. वजन तीन किलोने उतरलेलं. साखर २१४, ट्रायग्लिसराइड ६१०, प्लेटलेट १ लाख ५ हजार, लघवीतलं प्रथिन चोवीस तासांत जवळजवळ एक ग्रॅम. बोट तसंच. या वेळी चार दिवस वाट बघायला मी घाबरलो. प्रयोगशाळेला फोन करून अहवाल तोंडी मागवला. २१.८, आणि तोही गोळी न घेता.

त्या रात्री दवाखाना बंद झाल्यावर एका कोऱ्या कागदावर मध्यभागी एमटॉर लिहिलं आणि पाची तक्रारी भोवती मांडल्या. पंधरा मिनिटं लागली.

तोंडाच्या आतली कातडी काही दिवसांत नवी होते. वाढ थांबली की झीज उरते, आणि झिजेचे फोड होतात. ते हलत्या, मऊ जागी येतात: ओठाच्या आत, जिभेखाली. तात्यांचे नेमके तिथेच होते.

बोटाची जखम भरायला नव्या रक्तवाहिन्या आणि नवे तंतू लागतात, दोन्ही बांधकामंच. म्हणून तर मोठ्या शस्त्रक्रियेच्या आगेमागे हे औषध थांबवतात, आणि म्हणूनच पुण्याने गालाची जखम भरेपर्यंत ते सुरू केलं नव्हतं. तिथे पाळलेला नियम माझ्या डोळ्यांसमोर बोटावर लिहिलेला होता.

चरबीचं असं की रक्तातले ट्रायग्लिसराइड फोडून पेशींत घालणाऱ्या लायपेजचं काम या औषधाने मंदावतं. आत घेणारं कोणी नाही, म्हणून माल रस्त्यावरच तुंबतो.

किडनीच्या गाळणीतल्या पेशींना स्वतःची डागडुजी करायला एमटॉर लागतं. डागडुजी थांबली की प्रथिन गळतं. सूज बहुधा त्यातून आणि थोडी औषधातून. अ‍ॅम्लोडिपिन बिचारं निर्दोष.

साखरेपाशी मात्र मी अडलो, आणि माझी मुकादमाची गोष्टही अडली. पेशीला उपाशी असल्याचं भासवणाऱ्या औषधाने साखर कमी व्हायला हवी; चढते कशी? उत्तर असं की मुकादम एक नाही, दोन आहेत. एमटॉर हे प्रथिन दोन वेगवेगळ्या टोळ्यांत काम करतं. पहिली टोळी माल बघते, सिरोलिमस तिला लगेच पकडतं. दुसरी टोळी इन्सुलिनचा सांगावा आतल्या एकेटी या प्रथिनापर्यंत पूर्ण पोचवते. तिला सिरोलिमस सुरुवातीला हात लावत नाही. पण आठवडे गेले की नवी टोळी बांधायला सुटं एमटॉरच उरत नाही आणि ती विरळ होत जाते. मग इन्सुलिन दारावर थापा मारतं आणि यकृत ऐकत नाही, साखर बनवत राहतं. शिवाय इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाही वाढायला एमटॉर लागतंच. डोस जितका जास्त आणि जितके दिवस, तितकं हे खोल जातं. प्रेडनिसोलोनचाही वाटा असेलच, पण ते सात वर्षं होतं आणि साखर सात वर्षं शांत होती.

हे सगळं २ मिलिग्रॅमवर एवढं का, याचं उत्तर त्याच फाइलमध्ये होतं, माझ्याच अक्षरात. सिरोलिमस मोडतं ते आतड्यातल्या आणि यकृतातल्या सीवायपी३ए४ या विकराने. फ्लुकोनॅझोल ते विकर अडवतं. मी २६ दिवस गोळीचा बाहेर पडायचा दरवाजा लावून घेतला होता. आणि कशासाठी? बुरशीवर औषध म्हणून. जे औषध मुळात बुरशीनाशक म्हणून जन्माला आलं, त्याच्याच फोडांना मी बुरशी समजलो.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या नेफ्रॉलॉजिस्टशी बोललो. चार वाटा होत्या.

टॅक्रोलिमसकडे परत जायचं. तोंड आठवड्याभरात निवळेल, बोट भरेल. पण ज्या कारणाने ते सोडलं ते कारण गालात नुकतंच येऊन गेलेलं. वहिनींचा कौल याला होता आणि तो मूर्खपणाचा नव्हता.

सिरोलिमसऐवजी एव्हरोलिमस द्यायचं. त्याचं अर्धायुष्य निम्म्याच्या आसपास, त्यामुळे चूक लवकर सावरता येते. पण मुकादम तोच आणि बाहेरचा दरवाजाही तोच. या पायरीवर त्याने काही सुटत नव्हतं.

फक्त फ्लुकोनॅझोल बंद करून थांबायचं. पातळी आपोआप उतरेल, पण १० च्या खाली यायला आठवडा तरी जाणार, आणि तात्या आधीच ताकावर आले होते.

चौथी वाट म्हणजे काही दिवस सिरोलिमस पूर्ण थांबवून मग कमी डोसने सुरू करायचं. भीती एकच, शरीराने किडनी नाकारण्याची. पण २१ वरून खाली यायला लागणारे दिवस हेच संरक्षण. लांब अर्धायुष्य या एका ठिकाणी आपल्या बाजूने होतं.

या सगळ्यावर सावट होतं ते दुसऱ्याच शंकेचं. सातपैकी एक फोड जुन्या शस्त्रक्रियेच्या वणाजवळ होता. कर्करोग परतला असेल तर? औषधाचे फोड उथळ असतात, मध्ये राखाडी-पांढरे, भोवती लाल कडं, आणि बोटाने चाचपलं तर मऊ. कर्करोगाचा व्रण सहसा एकटा असतो, कडा उचललेल्या, हाताला टणक. हा मऊ होता, पण वणाशेजारची जागा तशीही जरा घट्ट असते. लगेच तुकडा काढावा का? पातळी २१ असताना काढलेल्या तुकड्याची जागा भरणार कशी? ईएनटीच्या सहकाऱ्याने दोन आठवड्यांची मुदत घातली: पातळी उतरल्यावर बाकीचे फोड गेले आणि हा राहिला, तर तुकडा काढायचा. मला ती मुदत लांब वाटली होती. आज बरोबर वाटते.

काय केलं

फ्लुकोनॅझोल त्याच दिवशी बंद. सिरोलिमस चार दिवस बंद, मग १ मिलिग्रॅम. फोडांवर ट्रायमसिनोलोनची पेस्ट, आणि गुळण्यांना साधं मीठ-पाणी. अल्कोहोलवाला माउथवॉश वहिनींनी आणून ठेवला होता, तो परत पाठवला. लघवीतल्या प्रथिनासाठी टेल्मिसार्टन, पोटॅशियमवर लक्ष ठेवून. मेटफॉर्मिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन चालू ठेवलं.

आणि तात्यांना समोर बसवून काय झालं ते सांगितलं. माझ्या गोळीने तुमची गोळी अडवली, असंच. ते काही वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "त्या बुरशीच्या गोळीचं नाव काय म्हणालात?"

"फ्लुकोनॅझोल."

"भुरीवर आम्ही हेक्झाकोनॅझोल मारतो, त्यातलंच?"

त्याच कुळातलं आहे खरं. दोन्ही बुरशीचं एक विकर अडवतात, आणि फ्लुकोनॅझोल जाता जाता आपलंही अडवतं.

"मग डॉक्टर, आम्ही दोन औषधं एका टाकीत घालायच्या आधी बाटलीत मिसळून बघतो," तात्या म्हणाले. "फाटलं तर कळतं."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

दुसरी अडचण, जी आम्हीच ओढवून घेतली

दहाव्या दिवशी फोड सातवरून दोनवर आले, भाकरी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात पातळी आली ३.६. क्रिएटिनिन १.५ वरून १.७.

कारण उघड होतं. बाहेरचा दरवाजा उघडला आणि त्याच वेळी आत येणारा मालही निम्मा केला. फ्लुकोनॅझोल असताना २ मिलिग्रॅम जास्त होतं. ते नसताना मुळात जास्त होतं की नाही हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं, कारण सुरुवातीची एकमेव पातळी, फ्लुकोनॅझोलच्या आधीची, ८.२ होती. म्हणजे ठरलेल्या मर्यादेत. चार दिवस बंद ठेवून पुन्हा २ नेच सुरू करणं कदाचित पुरेसं होतं. भीतीच्या भरात डोस कापला गेला. फोनवर आम्ही दोघंही घाबरलेलो होतो.

क्रिएटिनिन हे नव्या टेल्मिसार्टनने वाढलं की किडनी नाकारली जातेय? टेल्मिसार्टनने सुरुवातीला थोडं चढतं. बायोप्सीची तयारी ठेवून डोस १.५ केला आणि चार दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा पाहिलं: १.६, मग १.५. बायोप्सी टळली. ते चार दिवस वहिनी कशा होत्या हे मी विचारलं नाही. किडनी त्यांची होती.

परिणाम

बोटावरचा काप पातळी उतरल्यापासून १६ दिवसांत मिटला. आता तिथे फक्त एक पांढरी रेघ आहे. वणाजवळचा फोड दोन आठवड्यांनंतरही होता, म्हणून ठरल्याप्रमाणे तुकडा काढला. कर्करोग नव्हता. तुकड्याची जागाही भरली.

साखर पूर्वपदावर आली नाही. एचबीए१सी ७.१ वर स्थिरावलं, मेटफॉर्मिन चालू आहे. बहुधा वडिलांकडून आलेलं जे दबलेलं होतं ते या धक्क्याने उघडं पडलं. ट्रायग्लिसराइड २४० च्या आसपास. लघवीतलं प्रथिन अर्ध्या ग्रॅमखाली, पण शून्य नाही. सिरोलिमस १.५ मिलिग्रॅमवर पातळी ६ ते ७. वर्ष झालं, गाल साफ आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पांढरा थर खरवडून पाहिला असता तर दोन दिवसांत उत्तर मिळालं असतं. बुरशी निघालीच असती तरी पोटातून औषध द्यायची गरज नव्हती. क्लोट्रिमॅझोलही विकराच्या बाबतीत साळसूद नाही, पण निस्टॅटिनचे थेंब तोंडात फिरवले की काम तोंडापुरतं राहतं, कारण ते रक्तात फारसं शोषलंच जात नाही. आणि पोटातून द्यायचंच असतं तर पुण्याला एक फोन, सिरोलिमसचा डोस आधीच कमी, आणि आठवड्याच्या आत पातळी.

गोळी बदलण्याआधीचं लघवीतलं प्रथिन फाइलमध्ये नव्हतं. आधीपासून प्रथिन जात असेल तर हा बदल करताना दहा वेळा विचार करतात, म्हणून ती तपासणी आधी हवी. ती कोणी करायची यावर पुण्याचं केंद्र आणि मी, दोघंही एकमेकांवर विसंबून राहिलो.

आणि वहिनींचं वाक्य. मी ते फाइलमध्ये लिहिलंसुद्धा नव्हतं. आता नव्या रुग्णाच्या कागदावर औषध कधी बदललं ती तारीख वर लिहितो आणि तक्रारी तिच्याखाली, तारखेसह. पाचही तक्रारी त्या तारखेच्या एकाच बाजूला पडल्या, तर पाच कारणं शोधायला बसत नाही. हे कोणालाही सुचेल असं आहे. मला सुचायला २६ दिवस लागले.

माझ्या मुकादमाच्या गोष्टीबद्दलही. ती सोपी होती म्हणून तात्यांना कळली, आणि सोपी होती म्हणून मला स्वतःलाही पुरली. साखर वाढली तेव्हा ती गोष्ट माझ्या आड आली: उपाशी पेशी, मग साखर कशी वाढेल, तर कारण दुसरं असणार. रुग्णाला सांगायची गोष्ट वेगळी आणि डोक्यात ठेवायचा नकाशा वेगळा, एवढं अंतर राखायला हवं होतं.

तात्यांच्या गावातल्या डॉक्टरांकडे आता एक कागद आहे, वहिनींच्या अक्षरात. वर गोळीचं नाव, खाली न विचारता द्यायची नाहीत ती औषधं: फ्लुकोनॅझोल, केटोकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम, आणि उलट्या बाजूने पातळी पाडणारं रिफॅम्पिसिन, त्याखाली दोन रेघा. मी सांगितलेल्या यादीत शेवटी त्यांनी स्वतःची एक भर घातली आहे: 'पपनस'. द्राक्षाचं नाव असलेलं ते परदेशी ग्रेपफ्रूट चालत नाही, असं मी म्हणालो होतो. आपल्याकडे ते कुठे मिळतंय, पण पपनस त्याच्याच नात्यातलं, कशाला उगाच, असं त्या म्हणाल्या. मी ते खोडलं नाही.